व्हिडिओ डोअरबेल: चित्र सगळ्याच देतात, बटणाचं विचारा

आमच्या घरात कॅमेरे आधीपासून आहेत आणि त्यांचं रेकॉर्डिंग घरातल्याच एका छोट्या संगणकावर, फ्रिगेट या सॉफ्टवेअरमध्ये होतं. बाहेरच्या कुठल्या सर्व्हरवर काही जात नाही, दर महिन्याच्या वर्गणीचं झेंगट नाही. दाराची साधी बेल काढून कॅमेऱ्याची लावायचं ठरलं तेव्हा माझी अट एवढीच होती की नवी बेल याच घडीत बसली पाहिजे. तिच्यासाठी वेगळं ॲप, वेगळं रेकॉर्डिंग, वेगळी वर्गणी हे काही नको.

बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, अट त्याहून सोपी होती. “दाबली की वाजली पाहिजे. बाकी तुझं तू बघ.”

दोन्ही अटी ऐकायला किरकोळ वाटतात. पण डोअरबेलांच्या जाहिराती वाचायला घेतल्या की मेगापिक्सेल, रात्रीचं रंगीत चित्र आणि किती अंशांचा कोन यापलीकडे कोणी बोलत नाही. वास्तविक डोअरबेलमधून तीन गोष्टी बाहेर पडतात. एक चित्र, दुसरी बटण दाबल्याची खबर, तिसरी दोन्ही बाजूंचा आवाज. “तुमच्या सॉफ्टवेअरशी जुळतं हो” असं जेव्हा सांगितलं जातं तेव्हा सांगणाऱ्याच्या डोक्यात फक्त पहिली गोष्ट असते. चित्र मिळवणं हा यातला सोपा भाग आहे. बटणाची खबर सॉफ्टवेअरपर्यंत आली नाही तर तुम्ही दारावर आणखी एक कॅमेरा लावलात, इतकंच. आणि नुसता कॅमेराच हवा असेल तर तेवढ्याच पैशात डोअरबेलपेक्षा चांगला मिळतो.

मी शेवटी रिओलिंकची पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलवरूनच वीज घेणारी, डोअरबेल घेतली. ती का घेतली आणि बाकीच्या का गळल्या ते सांगते.

बॅटरीवर चालणाऱ्या सगळ्या पहिल्याच चाळणीत गेल्या. बॅटरीची डोअरबेल एरवी झोपलेली असते. समोर हालचाल झाली की उष्णता ओळखणारा सेन्सर तिला उठवतो, मग ती वायफाय पकडते, मग चित्र सुरू होतं. फ्रिगेट, ब्लू आयरिस किंवा सिनॉलॉजीचं सर्व्हेलन्स स्टेशन या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरना हवा असतो चोवीस तासांचा अखंड प्रवाह. तो दिला तर बॅटरी टिकणारच नाही, म्हणून बनवणाऱ्यांनी ती वाटच बंद ठेवलेली असते. रिओलिंकच्याच बॅटरीवाल्या डोअरबेलला थेट आरटीएसपी, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरला चित्र देण्याचा ठरलेला मार्ग, मिळत नाही, त्यांचा होम हब किंवा त्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) मध्ये घ्यावा लागतो. नाव तेच, दिसायलाही बहिणी, पण आपल्या कामाची एकच. मागवताना मॉडेल दोनदा वाचा. शिवाय झोपेतून उठायला जो वेळ जातो त्यात नेमका माणूस येतानाचा भाग निघून जातो, आणि रेकॉर्डिंगमध्ये पाठमोरे लोक जमा होतात.

दुसऱ्या चाळणीत गेल्या त्या बंद घराच्या, म्हणजे आपल्याच कंपनीच्या सर्व्हर आणि ॲपला बांधलेल्या बेला. रिंग ही २०१८ पासून ॲमेझॉनच्या मालकीची. तिच्यात आरटीएसपी नाही. ‘रिंग-एमक्यूटीटी’ नावाचं हौशी मंडळींनी लिहिलेलं सॉफ्टवेअर आहे, ते रिंगच्या सर्व्हरवरून चित्र आणून तुमच्या घरात आरटीएसपी करून देतं. काम कौशल्याचं आहे, लिहिणाऱ्यांना मानलं. पण दारातलं चित्र आधी इंटरनेटवर जाऊन मग पलीकडच्या खोलीतल्या संगणकात येणार, आणि रिंगने काही बदललं की हे सगळं पुन्हा जुळवत बसायचं. गूगलच्या नेस्टला निदान अधिकृत मार्ग आहे, पण तिथे एकदा मागितलेला प्रवाह पाच मिनिटांत संपतो आणि सॉफ्टवेअरला मुदत वाढवून घ्यावी लागते. अधूनमधून दारात डोकवायला हे ठीक आहे. अखंड रेकॉर्डिंगला नाही. ज्यांच्या दारावर या बेला आधीच आहेत त्यांनी ‘गो-टू-आरटीसी’ हे प्रवाह एका स्वरूपातून दुसऱ्यात करून देणारं सॉफ्टवेअर जरूर करून बघावं, त्यात या दोन्हींसाठी सोय आहे. नवीन घेणाऱ्याने मात्र मुद्दाम हा वळसा पत्करू नये. आडातच नाही ते पोहऱ्यात आणायला किती माणसं खपतात ते बघून हसू येतं.

तिसरी चाळणी जरा किचकट आहे, कारण इथे खोक्यावरच्या शब्दांशी गाठ पडते. आरटीएसपी हा १९९८ पासूनचा ठरलेला मार्ग. कॅमेऱ्याचा पत्ता, ५५४ हे पोर्ट, नाव आणि पासवर्ड दिला की कुठल्याही सॉफ्टवेअरला चित्र घेता येतं. ऑनव्हिफ हे २००८ साली ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून सुरू केलेलं मानक. त्यात कॅमेरा शोधणं, त्याचे प्रवाह विचारणं, त्याच्याकडून घटना कळणं वगैरे येतं. त्याची प्रोफाइलं आहेत: ‘एस’ म्हणजे चित्रप्रवाहाचं मूळ प्रोफाइल, ‘टी’ म्हणजे त्यापुढचं, ज्यात एच.२६५ हे चित्र आवळून पाठवायचं नवं स्वरूप आणि दुतर्फा आवाजाचीही तरतूद आहे. खोक्यावर नुसतं ‘ऑनव्हिफ’ छापलं असेल तर त्यावरून फारसं काही कळत नाही. ऑनव्हिफच्या संकेतस्थळावर प्रमाणित उत्पादनांची यादी आहे, तीत मॉडेल क्रमांक टाकून बघता येतं. आणि तिथे सापडलं तरी बटणाचा प्रश्न उरतोच, कारण बटण दाबल्याची घटना प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने पाठवते.

म्हणून विकत घेण्याआधी मी एकच प्रश्न धरून बसले होते: हे बटण दाबलं की ते नेमकं कुठे, कशा स्वरूपात कळतं? याचं सरळ उत्तर कागदपत्रांत सापडत नसेल तर ती बेल बाजूला.

या प्रश्नातून तग धरून राहिल्या त्या मोजक्याच. डोअरबर्ड ही बर्लिनची कंपनी मुळातच अशा लोकांसाठी बेला बनवते. पीओई आहे, एसआयपी (इंटरनेट फोनची पद्धत) आहे, बटण दाबलं की तुमच्या सर्व्हरला एचटीटीपीने हाक मारायची सोय बेलमध्येच आहे, आणि हे सगळं कंपनीने लिहून प्रसिद्ध केलेलं आहे. धातूचं अंग, देखणी. खिशाला सगळ्यांत जड. नवीन घर बांधत असते आणि वायरिंग माझ्या हातात असतं तर कदाचित तीच लावली असती. ॲमक्रेस्टची एडी ४१० आरटीएसपी देते, डाहुआच्या जातकुळीतली आहे, त्यामुळे डाहुआसाठी लिहिलेल्या जोडण्या तिला चालतात आणि बटणही कळतं. जिथे जुन्या बेलची १६ ते २४ व्होल्ट एसीची तार आधीच आहे आणि नेटवर्कची केबल ओढायची नाही, तिथे ती विचारात घेण्यासारखी. युनिफायच्या बेला सुंदर आहेत, पण त्या त्यांच्याच प्रोटेक्ट या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये राहतात. प्रोटेक्टमधून पुढे आरटीएसपी काढता येतं, म्हणजे आधी त्यांचा डबा घ्यायचा, मग आपलं सॉफ्टवेअर. ज्यांच्याकडे तो डबा आहे त्यांच्यासाठी प्रश्नच मिटला. माझ्याकडे नाही.

रिओलिंकची पीओई डोअरबेल या सगळ्यांत मधोमध बसते. ५ मेगापिक्सेल, २५६० गुणिले १९२०, म्हणजे चारास तीनचं चित्र. दारासाठी हा आकार फार सोयीचा, कारण नेहमीच्या रुंद चित्रात माणसाचं डोकं किंवा पायाशी ठेवलेलं पार्सल यातलं एकच काहीतरी दिसतं. आरटीएसपी, ऑनव्हिफ दोन्ही आहे, आत मेमरी कार्डही बसतं. वीज आणि नेटवर्क एकाच केबलवर, ८०२.३ एएफ प्रकारच्या कुठल्याही पीओई स्विचवर चालते. सोबत आत लावायचा चाइम, म्हणजे घरात वाजणारा डबा, येतो, आणि तो थेट बेलशी जोडला जातो.

हा शेवटचा मुद्दा जाहिरातीत कोपऱ्यात असतो, आणि आमच्या घरात तोच पहिला ठरला. बसवून झाल्यावर मी राउटरची इंटरनेटची वायर काढली, फ्रिगेटचा संगणकही बंद केला आणि बाबांना बाहेर पाठवलं.

“दाबलं! वाजलं का?”

“वाजलं, बाबा.”

“मग झालं की!”

त्यांच्यापुरतं झालं होतं. पण ही चाचणी कुठलीही बेल घेताना कराच. सॉफ्टवेअर कोसळलं, इंटरनेट गेलं, तरी बटण दाबल्यावर घरात आवाज यायलाच हवा. ज्या बेलचा आवाज फोनवरच्या सूचनेवर अवलंबून आहे ती पाहुण्यांना ताटकळत ठेवणार.

बसवण्याबद्दल थोडं. पीओईची केबल बेलच्या मागे जोडायची तर प्लग आणि केबलचं वळण यांना भिंतीत जागा लागते. जुन्या बेलचं बारीक भोक पुरत नाही. उंची साधारण सव्वा मीटर. याहून वर लावलीत तर जवळ उभ्या माणसाची टोपी फार छान दिसते. बेल कोपऱ्यात असेल तर तिरकी बसवणारी पाचर वापरा, कारण बाजूची भिंत चित्रात आली की रात्री इन्फ्रारेडचा उजेड त्या भिंतीवरून परत येतो, भिंत पांढरीशुभ्र होते आणि कॅमेरा त्या उजेडाला घाबरून समोरच्या माणसाचा चेहरा काळवंडून टाकतो. हा दोष कुठल्याही कंपनीच्या बेलमध्ये दिसेल. दारावरचा दिवा रात्री चालू ठेवून इन्फ्रारेड बंद करणं हा त्यावरचा सगळ्यांत सोपा उपाय, मी तेच केलंय.

सुरुवातीला फ्रिगेटला चित्र मिळणार नाही. घाबरू नका. नव्या रिओलिंकमध्ये आरटीएसपी, ऑनव्हिफ आणि एचटीटीपी ही पोर्टं मुद्दाम बंद ठेवलेली असतात, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन ती उघडावी लागतात. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. दुसरी मेख पासवर्डची. आरटीएसपीच्या पत्त्यात नाव-पासवर्ड आणि कॅमेऱ्याचा पत्ता यांच्यामध्ये ॲट (@) हे चिन्ह येतं. तुमच्या पासवर्डातही ते असेल तर सॉफ्टवेअर पासवर्ड मध्येच तोडतं आणि उरलेला भाग पत्ता समजतं. एक तर ते चिन्ह %40 अशा सांकेतिक रूपात लिहा किंवा कॅमेऱ्यांचे पासवर्ड नुसत्या अक्षरांचे आणि अंकांचे, पण भरपूर लांब ठेवा. मी दुसरं करते.

बेल दोन प्रवाह देते, एक मोठा आणि एक छोटा. माणूस ओळखण्याचं काम छोट्यावर, रेकॉर्डिंग मोठ्यावर. फ्रिगेटला ओळखण्यासाठी सेकंदाला पाच चौकटी पुरतात. ब्लू आयरिसमध्येही हीच विभागणी करा, नाहीतर प्रोसेसर उगाच तापतो. मोठा प्रवाह ४ एमबीपीएस धरला तर अखंड रेकॉर्डिंगला दिवसाला साधारण ४३ जीबी लागतात, हा हिशेब डिस्क घेण्याआधी करा. रिओलिंकसाठी फ्रिगेटच्या मार्गदर्शिकेत एक खास सूचना आहे: चित्रासाठी आरटीएसपीऐवजी एचटीटीपी-एफएलव्ही हा प्रवाह घ्यावा, तो जास्त स्थिर राहतो, आणि आरटीएसपी दुसऱ्या क्रमांकावर फक्त बोलण्यासाठी ठेवावा. मी तसंच लिहिलं आहे आणि हात लावलेला नाही.

आता बटण. होम असिस्टंट या घरातली यंत्रं एकमेकांशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रिओलिंकची जोडणी २०२३ पासून मुळातच आहे, वेगळं काही उतरवावं लागत नाही. डोअरबेल जोडली की तिच्या यादीत ‘व्हिजिटर’ नावाचा एक सेन्सर दिसतो. एरवी बंद, बटण दाबलं की चालू. मी आत पडद्यासमोर बसले, बाबा बाहेर. त्यांचं बोट बटणावर पडल्याचा आवाज दारातून येतो आणि पडद्यावर ती ओळ लगेच बदलते. होम असिस्टंट दर थोड्या वेळाने “आलं का कोणी?” विचारत बसत नाही, बेल स्वतःच कळवते, म्हणून हे झटपट होतं. तुमची जोडणी विचारत बसणारी असेल तर पाहुणा जिन्याच्या तोंडाशी परत गेल्यावर सूचना येईल. ब्लू आयरिस वापरणाऱ्यांना हीच ‘व्हिजिटर’ घटना ऑनव्हिफमधून मिळते, कॅमेऱ्याच्या ट्रिगरमध्ये तिचं नाव घालायचं.

एकदा ही खबर हातात आली की मग खरी मजा. बाबा दुपारी कानातलं यंत्र काढून वाचत बसतात, त्यांना चाइम ऐकू येत नाही. आता बटण दाबलं की त्यांच्या खुर्चीमागचा दिवा दोनदा मंद होऊन परत लागतो आणि टीव्ही चालू असेल तर कोपऱ्यात दारातलं चित्र येतं. रात्री अकरानंतर चाइमचा आवाज आपोआप कमी होतो. आम्ही घरी नसलो तर माझ्या आणि नवऱ्याच्या फोनवर त्या क्षणाचं छायाचित्र येतं. फोनवरची ती सूचना सोडली तर हे सगळं घरातल्या घरात चालतं. बाबांनी दिव्याला पसंती दिली, टीव्हीवरच्या चित्राला नाही. “सिनेमात मध्येच कुरिअरवाला कशाला?” हे त्यांचं म्हणणं मला पटलं, पण ते चित्र मी काढलेलं नाही.

आवाजाच्या बाबतीत मात्र कौतुक आवरतं घेते. दारातलं बोलणं ऐकू येणं सोपं. आपलं बोलणं दारापर्यंत पोहोचवणं म्हणजे नाकी नऊ. त्यासाठी प्रवाह उलटा वाहावा लागतो, आणि फ्रिगेटमध्ये हे काम गो-टू-आरटीसी आणि वेबआरटीसी (ब्राउझरमधून थेट बोलण्याची पद्धत) मिळून करतात. तिथे दोन अडथळे ठरलेले. पहिला, बेल आवाज एएसी या स्वरूपात पाठवते आणि ब्राउझरच्या वेबआरटीसीला एएसी चालत नाही, त्याला ओपस हवा. म्हणून गो-टू-आरटीसीला मध्ये बसून आवाज बदलून द्यायला सांगावं लागतं, एक ओळ वाढते. दुसरा अडथळा लोकांना जास्त छळतो. पान साध्या एचटीटीपीवर उघडलं असेल तर ब्राउझर मायक्रोफोन देतच नाही. घरातला स्थानिक पत्ता असला तरी नाही. बटण राखाडी, कारण कुठेच लिहिलेलं नाही, आणि माणूस बेलला दोष देत बसतो. पानाला एचटीटीपीएस लावलं की तेच बटण जिवंत होतं.

हे सगळं करून बोलता येतं. पण दारात कोणी उभं असताना फोन उघडा, पान उघडा, मायक्रोफोन दाबा, यात वेळ जातो. घरातले बाकीचे लोक हे करणार नाहीत. नवऱ्याच्या फोनवर मी कंपनीचं ॲप ठेवलं आहे आणि तो त्यातूनच बोलतो. सॉफ्टवेअर स्वतःचं, बोलणं कंपनीच्या ॲपमधून, ही तडजोड मला खटकते, पण चालते. ज्यांना दारातल्या माणसाशी बोलणंच मुख्य आहे, उदाहरणार्थ फाटक लांब आहे आणि रोज दहा जण येतात, त्यांनी एसआयपी असलेली डोअरबर्डसारखी बेल बघावी. तिथे बेल सरळ घरातल्या फोनला फोन करते, आणि फोन उचलणं सगळ्यांना येतं.

इंटरनेट तोडायचं का, हा पुढचा प्रश्न. माझे बाकीचे कॅमेरे बाहेरच्या जगाशी बोलू शकत नाहीत, राउटरमध्येच अडवलेले आहेत. डोअरबेलही तशी ठेवता येते आणि फ्रिगेट, होम असिस्टंट, चाइम यांचं काही अडत नाही. तीन गोष्टी मात्र जातात. कंपनीच्या ॲपवर बाहेर असताना येणाऱ्या सूचना बंद होतात, ॲपमधून घराबाहेरून बोलणं बंद होतं, आणि घड्याळ. या तिसऱ्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. कॅमेरा वेळ इंटरनेटवरून घेतो, ती वाट अडली की त्याचं घड्याळ हळूहळू सरकतं आणि चित्रावरची वेळ फ्रिगेटच्या वेळेशी जुळेनाशी होते. पोलिसांना रेकॉर्डिंग द्यायची वेळ आली तर हा घोळ भलत्या ठिकाणी उघडा पडेल. राउटरमध्ये किंवा घरच्या सर्व्हरवर एनटीपी ही वेळ कळवणारी सेवा चालू करून बेलच्या सेटिंगमध्ये तिचा पत्ता द्यायचा, विषय संपला. नवऱ्याला ॲपमधून बोलायचं असतं म्हणून मी आमच्या डोअरबेलला इंटरनेट दिलं आहे, पण तिला घरातल्या बाकी कुठल्याच यंत्राकडे जाता येत नाही.

ते वेगळं ठेवणं पीओई डोअरबेलला तर लागतंच. तुमच्या घरच्या नेटवर्कची उघडी केबल भिंतीबाहेर, अनोळखी माणसाच्या हाताच्या अंतरावर आहे. बेल उखडून त्या केबलला लॅपटॉप जोडला तर तो तुमच्या घरात आला. स्विचमध्ये त्या पोर्टला वेगळं व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा, द्या आणि तिथून फक्त फ्रिगेट आणि होम असिस्टंटचं येणंजाणं चालू ठेवा. स्विच साधा, व्यवस्थापन नसलेला असेल तर तो बदला. यावर कंजुषी नको.

माणूस ओळखण्यात बेलची स्वतःचीही हुशारी आहे, ती माणूस वेगळा सांगते. मी ती वापरत नाही, फ्रिगेटच करतो. फ्रिगेटच्या ०.१६ या आवृत्तीपासून चेहरा ओळखायची सोयही घरातल्या घरात आली आहे, आणि घरात कुठल्या कॅमेऱ्याला तिचा खरा उपयोग असेल तर तो डोअरबेलला, कारण एवढ्या जवळून सरळ चेहरा दुसऱ्या कुठल्याच कॅमेऱ्यात येत नाही. रुंद भिंगामुळे कडेला उभा माणूस मात्र ताणलेला दिसतो, तिथे ओळख पटत नाही. चेहरे साठवण्याआधी घरच्यांना आणि नेहमी येणाऱ्यांना विचारा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी नको म्हणाल्या, त्यांचा चेहरा मी शिकवलेला नाही. समोरच्या शेजाऱ्यांचं दार चित्रात येत होतं, तेवढ्या भागावर बेलच्याच सेटिंगमधून काळा पट्टा टाकला आहे.

एक गोष्ट नणंदेच्या घरची. तिची बेल दुसऱ्या एका कंपनीची, नाव घेत नाही. घेतली तेव्हा सेटिंगमध्ये आरटीएसपीचा खटका होता आणि चित्र छान येत होतं. एका फर्मवेअर अपडेटनंतर तो खटका नाहीसा झाला. तक्रारीवर उत्तर आलं की ती सोय ‘प्रायोगिक’ होती. तेव्हापासून बेल निवडताना मी पुस्तिका आधी वाचते. आरटीएसपी आणि ऑनव्हिफ पुस्तिकेत, विक्रीच्या पानावर, लेखी असेल तर ते काढून घेणं कंपनीला जड जातं. सेटिंगच्या तळाशी ‘प्रयोग’ म्हणून असेल तर त्यावर घर बांधू नये. आणि आपोआप अपडेट होणारी सोय बंद ठेवा. आधी बदल वाचायचे, मग स्वतः अपडेट करायचं.

रिओलिंकबद्दल जे आवडलं नाही तेही सांगते. दिसायला प्लास्टिकचा काळा तुकडा आहे, लाकडी दाराशेजारी नीट शोभत नाही. फ्रेमचा वेग सेकंदाला २० पर्यंतच, अंगणात धावणाऱ्या मांजराचं चित्र लागत असेल तर कमी पडेल, दारातल्या माणसाला भरपूर आहे. समोरून ऊन येत असेल तर चेहरे काळे पडतात, पूर्व-पश्चिमेच्या दारांनी हे आधी मोजावं. पार्सल दाराला अगदी चिकटून ठेवलं तर तेही दिसत नाही. त्यासाठी खाली बघणारा दुसरा कॅमेरा युनिफायच्या जी४ प्रोमध्ये आहे, ते तिथलं मला खरोखर आवडलं.

ज्यांना केबल ओढता येते आणि फ्रिगेट, ब्लू आयरिस किंवा होम असिस्टंट आधीपासून चालू आहे त्यांनी माझ्या मते हीच घ्यावी. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही आणि नुसतं फोनवर दार बघायचं आहे त्यांनी यातल्या निम्म्या गोष्टींची डोकेदुखी घेऊ नये.

आमच्या मागच्या दारापर्यंत केबल नेता येत नाही. तिथे याच बेलची वायफाय आवृत्ती लावायचा विचार आहे, तिलाही आरटीएसपी आणि ऑनव्हिफ दोन्ही आहेत आणि वीज जुन्या बेलच्या तारेतून घेता येते. मागचं दार लोखंडी आहे, त्यामुळे मागवण्याआधी ते बंद करून, बाहेर बेलच्या उंचीवर फोन धरून सिग्नल मोजून बघणार आहे.